इंदूर ते महेश्वर : बाबांची सायकल आणि स्प्रिंगची दांडी

इंदूरहून महेश्वरला जायला दोन रस्ते आहेत. गाडीने जाणारे बहुतेक जण आग्रा-मुंबई महामार्ग धरतात, मानपूरचा घाट उतरून धामनोदला पोहोचतात आणि तिथून आत वळतात. दुसरा रस्ता महूवरून जातो. बडगोंदा मागे टाकून तो विंध्याच्या कड्यावर जाम दरवाज्यापाशी येतो, तिथून घाटाने खाली निमाडात उतरतो आणि मंडलेश्वरवरून महेश्वर गाठतो. दोन्ही रस्ते साधारण ९० किलोमीटरचे. पहिल्याने वेळ वाचतो. दुसऱ्यावर बघण्यासारखं जास्त आहे आणि ट्रक कमी आहेत, म्हणून सायकलवाल्याला तोच बरा.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांना महेश्वर काही नवीन नाही. शाळेची सहल तिथे जाते, पुण्या-नाशिकचे पाहुणे आले की त्यांना घाट दाखवायला आणि साड्या घ्यायला आपण तिथेच नेतो. पण सायकलवरून महेश्वरला गेलेले आमच्या घरात एकटे बाबाच. १९७८ साली, कॉलेजात असताना, दोन मित्रांबरोबर. तेव्हाची ती काळी, जड, २२ इंची सायकल. गिअर नाहीत, पण सीटखाली मागच्या बाजूला दोन जाडजूड स्प्रिंगा. दूधवाल्यांच्या, पोस्टमनच्या सायकलींना असायच्या तशा. बाबांच्या त्या सफरीच्या गोष्टी ऐकतच मी आणि दादा मोठे झालो.

गेल्या डिसेंबरात, वयाच्या ६६ व्या वर्षी, बाबा दुसऱ्यांदा सायकलने महेश्वरला गेले. या वेळी सोबत मी होते. ही त्या प्रवासाची हकिकत, आणि ज्या एका लहानशा वस्तूमुळे तो होऊ शकला, तिचीही.

पाठ आणि रस्ता

बाबा बँकेतून निवृत्त झाल्यावर रोज सकाळी सायकल चालवायचे. राजेंद्रनगरहून निघायचं, १५-२० किलोमीटर फिरून यायचं आणि येताना पोहे-जलेबी बांधून आणायची. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेतली चकती सरकली. चार महिने ते वाकू शकत नव्हते. फिरायला जाताना बुटांच्या नाड्या मी किंवा आई बांधून द्यायची. बाबा भिंतीकडे बघत उभे राहायचे. नाड्या बांधून होईपर्यंत आमच्यापैकी कोणीच काही बोलायचं नाही.

औषधं झाली, फिजिओथेरपी झाली, व्यायाम नेमाने झाले आणि पाठ सुधारली. डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली, पण एक अट घातली : हादरे नकोत. अट सोपी वाटते, पण आपल्या कॉलन्यांमधले स्पीडब्रेकर आठवून बघा. बाबा पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, दोन ब्रेकर ओलांडले आणि सायकल हातात धरून परत आले. “रस्ता थेट मणक्यात येतो गं,” एवढंच म्हणाले. मग ती सायकल व्हरांड्यात उभी राहिली. दर रविवारी ते ती पुसायचे, चेनला तेल घालायचे, पण चालवायचे नाहीत.

मी बीई मेकॅनिकल केलं आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. कॉलेजात शिकलेलं स्प्रिंगचं गणित पुन्हा कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पण बाबांचं ते वाक्य डोक्यात राहिलं. रस्ता मणक्यात येत असेल, तर तो कुठून कुठून येतो ते बघायला हवं. मागचं चाक, फ्रेम, सीटची दांडी, सीट, मणका. या साखळीत हादरा अडवायच्या जागा तीनच : टायर, दांडी आणि सीट.

सुरुवात टायरपासून केली, कारण त्याला पैसे लागत नाहीत. बाबा टायर दगडासारखा कडक होईपर्यंत हवा भरायचे. ७५ पीएसआयच्या खाली त्यांना चैनच पडायची नाही. त्यांच्या सायकलचे टायर ३८ मिलिमीटर रुंद आहेत आणि बाबांचं वजन ६२ किलो. त्यांना ५० पीएसआय भरपूर झालं. रस्त्यावरची बारीक थरथर त्यातच बरीच कमी झाली. पण ब्रेकरचा आणि खड्ड्याचा दणका टायरने पुरता जिरत नाही. जाड जेलच्या सीटचाही विचार झाला. मऊ सीट बुडाला बरी वाटते, पण दणका आला की ती दबून संपते आणि उरलेला धक्का वर जातोच. म्हणजे राहिली ती दांडी.

दांडी निवडताना

सस्पेन्शन सीटपोस्ट, म्हणजे स्प्रिंग असलेली सीटची दांडी, दोन प्रकारची मिळते. पहिल्या प्रकारात एका नळीत दुसरी नळी असते आणि आत स्प्रिंग. सीट सरळ वरखाली होते. ही स्वस्त असते, साधी असते, मात्र नळ्या एकमेकींवर घासतात आणि काही महिन्यांत सीट डावी-उजवी किंचित हलायला लागते. दुसऱ्या प्रकारात दांडीच्या डोक्याशी चार सांध्यांचा एक समांतरभुज चौकोन असतो. शाळेतल्या भूमितीतला तोच. दणका बसला की सीट खाली आणि थोडी मागे सरकते. खड्ड्याचा धक्काही मागच्या चाकाकडून, तिरकाच येतो, म्हणून ही चाल अंगाला जास्त सोयीची पडते. बारीक हादऱ्यांनाही ती लगेच दबते. महाग आहे, पण पाठीसाठी घ्यायची म्हटल्यावर आम्ही तीच निवडली. तिची चाल ५० मिलिमीटरची होती.

मागवण्याआधी दोन मापं घ्यावी लागतात. पहिलं माप व्यासाचं. जुनी दांडी बाहेर काढली की खालच्या बाजूला, कमीत कमी किती आत हवी त्या रेषेजवळ, आकडा कोरलेला असतो. आमचा निघाला २७.२. काही सायकलींना ३०.९ किंवा ३१.६ असतो. नवी दांडी बारीक असेल तर मध्ये पत्र्याची बाही, म्हणजे शिम, घालून भागवता येतं, पण जाड दांडी बारीक नळीत कधीच जात नाही. दुसरं माप बरेच जण विसरतात : फ्रेमच्या क्लॅम्पपासून सीटखालच्या सळयांपर्यंत किती जागा आहे ते. स्प्रिंगच्या दांडीचं डोकं उंच असतं. बुटक्या माणसाची उंच फ्रेम असेल, तर नवी दांडी पूर्ण खाली ढकलली तरी सीट वरच राहते. बाबांच्या सायकलला पुरेशी जागा होती.

एका रविवारचं काम

पार्सल आलं त्या रविवारी व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून आम्ही बसलो. आई दारात उभी. तिला हे सगळं मुळातच पसंत नव्हतं. “डॉक्टरांनी गल्लीत चालवा म्हटलंय, महेश्वरला नाही,” ती म्हणाली. महेश्वरचं नाव तोवर कोणी काढलंच नव्हतं. बाबा हसले. त्यावरूनच मला कळलं, की दोघांच्याही मनात ते आधीपासून होतं.

काम करताना क्रम पाळला की सगळं सोपं जातं. आधी जुन्या सीटची उंची मोजून लिहून ठेवली : पेडलच्या मधल्या ॲक्सलच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंत, टेप उभ्या नळीच्या रेषेत धरून. ७१ सेंटीमीटर. मग जुनी दांडी काढली, फ्रेमची नळी आतून फडक्याने पुसली आणि ग्रीसचा पातळ हात दिला. ग्रीस नसेल तर दोन्ही धातू काही वर्षांत एकमेकांना असे धरतात, की दांडी निघतच नाही. (फ्रेम किंवा दांडी कार्बनची असेल तर ग्रीस नाही, त्यासाठी वेगळी पेस्ट येते.) नवी दांडी आत घातली, कमीत कमी खोलीची रेषा नळीत पूर्ण बुडाली आहे ना ते पाहिलं आणि क्लॅम्प आवळला. क्लॅम्पवर ६ न्यूटन-मीटर लिहिलं होतं. टॉर्क रेंच कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून तासाभरासाठी आणला. त्याने दांडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, “दीदी, इसमें तो शॉकप लगा है! बाबूजी अब रुकने वाले नहीं.”

खरं काम त्यानंतर सुरू होतं, ते म्हणजे दांडी माणसाला जुळवणं. स्प्रिंगची दांडी पेटीतून काढून लावली आणि झालं, असं होत नाही. माणूस नुसता बसल्यावर ती थोडी दबली पाहिजे. त्या दबण्याला सॅग म्हणतात. एकूण चालीच्या २० ते ३० टक्के सॅग असावा, म्हणजे ५० मिलिमीटरच्या दांडीत १० ते १५ मिलिमीटर. त्यापेक्षा कमी असेल तर दांडी कडक आहे आणि छोट्या हादऱ्यांना ती हलणारच नाही. जास्त असेल तर मोठ्या खड्ड्यात ती तळाला आपटेल आणि पेडल मारताना माणूस घोड्यावर बसल्यासारखा वरखाली होत राहील.

बाबांना भिंतीला हात टेकवून सायकलवर बसवलं. पाय पेडलवर, रोज घालतात तेच कपडे, तेच बूट. दादाने हँडल धरलं. सीटच्या मागच्या टोकापासून क्लॅम्पपर्यंतचं अंतर मी बसण्याआधी मोजलं आणि बसल्यावर मोजलं. फरक ६ मिलिमीटर. आत आलेली स्प्रिंग जड माणसासाठीची होती.

दांडीच्या तळाशी एक बोल्ट असतो. तो अ‍ॅलन कीने आवळला की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. याला प्रीलोड म्हणतात. बोल्ट ढिला केला की प्रीलोड कमी होतो. आम्ही तो होता तेवढा कमी केला, तरी सॅग ८ च्या पुढे जाईना. यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी. प्रीलोडने स्प्रिंग कडक किंवा मऊ होत नाही. ती दबायला कितव्या किलोपासून सुरुवात करणार, एवढंच त्याने बदलतं. स्प्रिंगचा स्वभाव बदलायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते. चांगल्या दांड्यांना मऊ, मध्यम आणि कडक अशा वेगवेगळ्या स्प्रिंगा मिळतात. आम्ही मऊ मागवली.

पुढच्या रविवारी ती घातली. सॅग १६. मग बोल्ट अर्धा-अर्धा फेरा आवळत आणि दर वेळी बाबांना चढवत-उतरवत १२ वर आणलं. हा बोल्ट दांडीच्या तळाच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, तेही पाहून घेतलं. चौथ्या वेळी उतरताना बाबा म्हणाले, “एवढं तर शिंपी पण माप घेत नाही.”

बसल्यावर सीट १२ मिलिमीटर खाली जाणार, म्हणून मोकळ्या सीटची उंची तेवढी वाढवली : ७२.२ सेंटीमीटर. टाच पेडलवर ठेवून ते खालच्या टोकाला नेलं की पाय जेमतेम सरळ व्हावा, ही जुनी कसोटीही करून पाहिली. शेवटी सीटचं पुढे-मागे. चौकोनवाल्या दांडीत सीट जरा मागे जाते. आईच्या शिलाईच्या डब्यातला दोरा घेऊन त्याला नट बांधला आणि ओळंबा केला. पेडल आडवं ठेवून पुढच्या गुडघ्यापासून ओळंबा सोडला, तर तो पेडलच्या ॲक्सलच्या मागे पडत होता. सीट सळयांवर पुढे सरकवली आणि ओळंबा जुळला. सीट सपाट आहे ना, ते फोनमधल्या लेव्हलने पाहिलं. दोरा परत घेताना आईने विचारलं, “झालं का तुमचं लग्नाचं माप?” पण बाबा गल्लीतून चक्कर मारून येईपर्यंत ती फाटकातच उभी होती. दोन ब्रेकर जाताना, दोन येताना. बाबा थांबले नाहीत, अजून एक चक्कर मारून आले.

महूकडे

त्यानंतर पाच आठवडे सराव केला. आधी ५ किलोमीटर, मग १०, मग राऊपर्यंत, मग महू आणि परत. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आलो. त्यांनी दोन नियम घालून दिले : दर पाऊण तासाने उतरून चालायचं, आणि पायात मुंग्या आल्या किंवा कळ गेली तर तिथेच थांबायचं. तिसरा नियम आईचा. ती आणि दादा गाडीने जाम दरवाज्याला येतील, आणि पुढे जायचं की नाही ते तिथे ती ठरवेल.

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. माळव्यातली थंडी, हातमोज्यांतही बोटं आखडत होती. दिव्यांच्या उजेडात राऊ गेलं. जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यावर डांबराचे थरावर थर आहेत आणि त्यांच्या कडा चाकाला लागत राहतात. मी मागून बाबांची पाठ बघत होते. चाक कडेवरून जायचं, सीट चटकन खाली-मागे जाऊन परत यायची आणि बाबांचे खांदे जागच्या जागी असायचे. माझ्या सायकलला साधी दांडी आहे. तीच कड मला दातांपर्यंत जाणवायची.

महूला उजाडलं. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंग्रजांनी ही छावणी वसवली, आणि त्याच वर्षी होळकरांची राजधानी इंदूरला आली. म्हणजे आपलं शहर आणि महू तसे जोडीने वाढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इथलाच. वडील रामजी सैन्यात होते. आता गावाचं अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, पण चहावाल्यापासून फौजीपर्यंत सगळे महूच म्हणतात. जन्मभूमी स्मारकापाशी थोडं थांबलो, पोहे खाल्ले, वरून शेव आणि जिरावन. छावणीतले रस्ते रुंद आणि सावलीचे आहेत. दुतर्फा जुने बंगले, आणि ब्रेकरसुद्धा शिस्तीत रंगवलेले.

महूनंतर शहर संपतं. काळी माती, हिरवा गहू, हरभरा, लसूण. मोटारसायकलवर दुधाच्या कॅन लटकवून जाणारी माणसं. रस्ता हळूहळू चढतो. चढ कळत नाही, मांड्यांना कळतो. बडगोंद्याच्या पुढे एका ठिकाणी डांबर उखडून खडी वर आली होती. तिथे बाबा उतरले आणि सायकल हातात धरून चालले. कोणतीही दांडी असली तरी अशा रस्त्यावर उतरणं किंवा पेडलवर उभं राहणं हाच उपाय. ही स्प्रिंग बसलेल्या माणसासाठी आहे. उभ्या माणसाला आणि मागच्या चाकाला तिचा काही उपयोग नाही.

दर पाऊण तासाला माझ्या फोनचा गजर वाजायचा. आम्ही उतरायचो, पाच मिनिटं चालायचो. तिसऱ्या वेळी बाबा कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मी काही विचारलं नाही. मग ते स्वतःच म्हणाले, “आखडलंय, दुखत नाहीये. दोन्हींतला फरक मला आता कळतो.”

जाम दरवाजा

विंध्य पर्वत लांबून पर्वतासारखा दिसतच नाही. माळव्याच्या बाजूने जाताना सपाट जमीन चालू राहते आणि एकदम संपते. ती जिथे संपते, तिथेच हा दरवाजा उभा आहे. १८ व्या शतकाच्या अखेरीस, अहिल्याबाईंच्या काळात बांधलेला. काळा दगड, उंच कमान, वरच्या मजल्यावर खिडक्या. कमानीतून पलीकडे गेलं की पायाखाली दरी आणि दरीच्या पुढे धुरकट निमाड. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, महेश्वर दीडशेच्या आसपास. माळवा आणि नर्मदेचं खोरं यांच्यातली पायरी इथे डोळ्यांनी दिसते.

महेश्वर राजधानी असताना खालून वर आणि वरून खाली येणारी माणसं, घोडी, बैल याच वाटेने जात असणार. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत दख्खनमधून इकडे आले. त्यांच्यातलं कोणीतरी या कमानीखालून गेलं असेल, असा विचार मनात येतोच. आता तिथे शनिवार-रविवारी गर्दी असते, कणसं भाजणारे आणि चहावाले बसतात.

आई आणि दादा आधीच पोहोचले होते. आईने डब्यातले ठेपले दिले, चहा घेतला आणि बाबांना दगडी कठड्यापाशी बोलावलं. “बूट काढा,” ती म्हणाली. “आता घाला. नाड्या तुमच्या तुम्ही बांधा.” बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली बसून नाही, उभ्याने कठड्यावर एक पाय ठेवून ते वाकले. उजव्या बुटाची गाठ मारली, पाय बदलला, डाव्या बुटाची मारली. घाई केली नाही, तोंड वाकडं केलं नाही. आई शेवटच्या गाठीपर्यंत बघत होती. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, “ब्रेक नीट आहेत ना दोघांचे?” आमची परवानगी आली होती.

निमाडात

घाट उताराचा आणि वळणांचा. आम्ही दोन्ही ब्रेक आलटून पालटून वापरत, मध्ये मध्ये थांबत उतरलो. सतत ब्रेक दाबून ठेवला की रिम आणि पॅड तापतात. वळणांवर बाबा पेडल आडवी धरून, गुडघे वाकवून सीटवरून जरा उचलून घ्यायचे. ही सवय १९७८ ची, त्यांना शिकवावी लागली नाही. अर्ध्या घाटात स्वेटर काढले. खाली पोहोचेपर्यंत हवाच बदलली. ऊब, धूळ, वेचणीला आलेला कापूस, अंगणांतून वाळत घातलेल्या लाल मिरच्या. बोलीसुद्धा माळवीची निमाडी झाली.

मंडलेश्वरला नर्मदा पहिल्यांदा दिसली. आदि शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद इथेच झाला, असं इथले लोक मानतात. बाबा नदीकाठी वीस मिनिटं आडवे झाले, गुडघे पोटाशी घेऊन फिजिओथेरपीचे व्यायाम केले. दोन पोरं त्यांची सायकल बघत होती. एकाने सीट हाताने दाबून पाहिली आणि ती वर आल्यावर दोघं हसत सुटली. बाबांनी झोपल्या झोपल्या त्यांना समांतरभुज चौकोन समजावून सांगितला.

अडीच वाजता महेश्वर आलं. किल्ल्याच्या दारातून आत न जाता आम्ही आधी खाली घाटावर गेलो. रुंद पायऱ्या, मागे अहिल्येश्वराचं देऊळ, पात्राच्या मधोमध बाणेश्वराचं छोटं मंदिर. १७६७ पासून १७९५ मध्ये देह ठेवेपर्यंत अहिल्याबाईंनी इथून राज्य केलं. वर वाड्यात त्यांची गादी अजून आहे. राज्याच्या मानाने ती किती साधी आहे, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. बाबांनी बूट काढले, पायरीवर बसले, पाय पाण्यात सोडले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग ज्या दोन मित्रांबरोबर ते पहिल्यांदा आले होते, त्यांची नावं घेतली. दोघंही आता नाहीत. हे मला माहीत होतं, पण बाबा त्यांच्याबद्दल असं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. कोणाची चेन तुटली, कोणी घाटात गाणी म्हटली, कोणाच्या आत्याने रात्री दाळ-बाफले वाढले. आईलाही त्यातलं निम्मं नवीन होतं.

संध्याकाळी विणकरांच्या गल्लीत गेलो. हातमागांचा खटखटाट घराघरांतून येत होता. महेश्वरी साडीच्या काठावरची लहर, चटई, वीट ही नक्षी किल्ल्याच्या आणि देवळांच्या दगडांवरून उचललेली आहे. सकाळी घाटावर जे बघायचं, तेच संध्याकाळी कापडावर. आईने एक साडी घेतली. “मी पण आले होते, त्याची खूण,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची पाठ आखडलेली होती, पण पायात कळ नव्हती. सायकलने परत जायचा घाट चढायचा नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. दोन्ही सायकली गाडीच्या मागे बांधल्या आणि सगळे एकत्र घरी आलो.

कोणाला जायचं असेल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. जाम दरवाज्याला गर्दी टाळायची तर शनिवार-रविवार सोडून जा. उजाडायच्या आधी निघणार असाल तर पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा हवाच. महूच्या पुढे पंक्चरचं सामान आणि पाणी जवळ ठेवा. घाट उतरण्याआधी ब्रेकचे पॅड बघून घ्या.

घरातल्या कोणाची पाठ किंवा मान दुखते म्हणून सायकल बंद असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी होकार दिला तर पहिल्यांदा टायरची हवा कमी करून बघा, तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. मग दांडीचा विचार करा. ती घेताना माणसाचं वजन सांगून स्प्रिंग मागा आणि बसवल्यावर सॅग मोजल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नका. दांडीच्या हलणाऱ्या भागाला पिशवी बांधू नका. मागे लहान मुलाला बसवत असाल तर त्याची बोटं त्या सांध्यांत जाऊ शकतात, म्हणून तो भाग झाकून घ्या. दर दोन-तीन महिन्यांनी बोल्ट तपासा आणि सांधे पुसून तेलाचा थेंब द्या.

आमच्याकडे हे काम आता बाबा करतात. थंडी गेल्यावर त्यांचं वजन दोन किलोंनी वाढलं, तेव्हा त्यांनी मला हाक न मारता दादाला हँडल धरायला लावलं, पट्टी घेऊन सॅग मोजला आणि बोल्ट अर्धा फेरा आवळला. पुढच्या डिसेंबरात ओंकारेश्वर, असं त्यांचं चाललंय. आईने अजून हो म्हटलेलं नाही.